पानिपतानंतरची प्रेमकथा लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७६१ च्या पानिपताच्या लढाईनंतरची पंधरा-वीस वर्षं आणि त्या काळात घडणारी, प्रेम, शोक आणि मनात साचलेला राग यांचा गुंता असलेली कादंबरी: अशी कादंबरी लिहायला घेतलेले लोक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. अशा कादंबऱ्या नुसत्या आवडीने वाचणाऱ्यांनाही त्यातली बरीच उपयोगी पडतील. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. प्रश्नच तसे आहेत.

पानिपतावर इतकं लिहून झालं आहे. पुन्हा तोच काळ कशाला?

लिहून झालं आहे ते लढाईवर. लढाईनंतरच्या घरांवर फार थोडं आहे. १४ जानेवारी १७६१ चा दिवस संध्याकाळपर्यंत संपला, पण पुण्यात, वाईत, कोकणातल्या गावांत तो पुढे वर्षानुवर्षं संपत नव्हता. माणूस गेला की हरवला, कैदेत पडला की कुठे वाट चुकून भटकतो आहे, हे कळायला मार्ग नव्हता. प्रेमकथेला याहून अवघड आणि याहून खरी जमीन मराठी इतिहासात क्वचितच सापडेल.

शोकाला एक टोक लागतं. देह दिसतो, अग्नी दिला जातो, तेरावा होतो, माणसं जेवून उठतात आणि घर पुढे सरकतं. इथे हजारो घरांना ते टोक मिळालंच नाही. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांचा देह ओळखल्याच्या आणि अंत्यसंस्कार झाल्याच्या हकिकती उत्तरेतून आल्या, तरी पुण्यात सगळ्यांची खात्री पटली नाही. पेशव्यांच्या घरची ही गत, तर एखाद्या बारगिराच्या, म्हणजे सरकारी घोड्यावर लढणाऱ्या साध्या स्वाराच्या बायकोला कोण काय कळवणार? तिने रडायचं की वाट पाहायची, हेच ठरत नाही. ठरत नाही म्हणून चिडचिड होते, आणि ती जवळच्याच माणसावर निघते. कादंबरीचं इंजिन हे आहे. घोडे आणि तोफा मागे राहिल्या तरी चालतील.

प्रेमकथेत राग इतका मध्यवर्ती का ठेवायचा? वाचकाला नायिका कडवट वाटणार नाही का?

वाटू द्या. गेलेल्या माणसावर रागावणं ही शोकातली सगळ्यात लपवलेली गोष्ट आहे. "गेलात कशाला?" हा प्रश्न मनात येतो आणि येताक्षणी स्वतःचीच लाज वाटते. नवरा मोहिमेवर गेला तो हुकमाने, पण निघताना त्याच्या डोळ्यांत आनंद होता, हे तिने पाहिलेलं असतं. उदगीरला फेब्रुवारी १७६० मध्ये निजामावर विजय मिळाला होता. मार्चमध्ये परतूडहून फौज उत्तरेला निघाली तेव्हा सगळीकडे उत्साह होता. तो आनंद तिला आठवतो आणि खुपतो. असा राग प्रेम नसलेल्या ठिकाणी येत नाही.

नायिका सतत सोशिक, मंद हसणारी आणि मनातल्या मनात झुरणारी असली की ती पुतळा होते. तिला एकदा तरी अन्याय करू द्या. दिराला, सासूला, परत आलेल्या एखाद्या शिलेदाराला ती असं काही बोलून जाऊ दे की वाचकाला वाटावं, हे बोलायला नको होतं. मग त्याच वाचकाला तिची बाजू कळेल इतकं तिचं मन उघडा.

राग नेमका कुणावर असावा? गैरसमजातून आलेला राग चालेल का?

चालेल, पण कादंबरी दुबळी होईल. एक चिठ्ठी वेळेवर मिळाली असती तर सगळं मिटलं असतं, असा राग तीनशे पानं पेलत नाही. चिठ्ठी मिळाली तरी न मिटणारा राग हवा. म्हणजे त्याला खरं कारण हवं, आणि ज्याच्यावर राग आहे त्याचीही बाजू खरी हवी.

या काळात अशी कारणं शोधावी लागत नाहीत. मल्हारराव होळकर रणांगणातून निघाले आणि जगले. त्यांच्याबद्दलचा कडवटपणा पुढच्या काळातल्या लिखाणातही उतरला. पण त्यांच्यासोबत निघाले म्हणून जे वाचले, त्यांच्या घरी त्याच निर्णयाला काय म्हटलं असेल? दोन शेजारच्या घरांत एकाच माणसाचं नाव एकीकडे शिवीसारखं आणि दुसरीकडे देवासारखं घेतलं जातं, आणि त्या दोन घरांतली दोन माणसं एकमेकांकडे ओढली जातात. एवढ्यावर एक कादंबरी उभी राहते.

दुसरं कारण याहून गुंतागुंतीचं आहे. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मल्हाररावांचे पुत्र खंडेराव गोळा लागून गेले. अहिल्याबाई तेव्हा विधवा झाल्या, आणि सासऱ्यांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केलं. कुंभेर होतं सूरजमल जाटाचं. आता पुढे सात वर्षं या. पानिपतातून उपाशी, जखमी, लुटलेले लोक दक्षिणेकडे पळत निघाले तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तो याच सूरजमलने. मोहिमेत सुरुवातीला तो भाऊंच्या सोबत होता, मग मतभेदाने बाजूला झाला होता. म्हणजे तीन राग एका माणसाभोवती: आमचा माणूस याच्या किल्ल्यावरच्या गोळ्याने गेला, ऐनवेळी हा निघून गेला, आणि आज याच्याच घरचं अन्न मी खाते आहे. कुंभेरला सख्खा भाऊ गमावलेली एक बाई सूरजमलच्या डीगच्या किल्ल्यात आसऱ्याला येऊन पडली आहे आणि तिची जखम बांधणारा माणूस जाटांच्या चाकरीतला आहे. मला विचाराल तर हा प्रसंग अजून कुणीतरी नीट लिहायला हवा.

तिसरं कारण पेशव्यांच्या घरातलं. भाऊंची फौज उत्तरेत अन्नाला मोताद होत असताना डिसेंबर १७६० मध्ये नानासाहेबांचं पैठणला दुसरं लग्न झालं. सहा महिन्यांत, २३ जून १७६१ ला, नानासाहेब पर्वतीवर खचून मेले. त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंच्या जागी उभ्या राहा. मोठा मुलगा विश्वासराव अठरा-एकोणीस वर्षांचा, रणात गेलेला. नवऱ्यावर रागवायचं तर तोही गेला. ज्या भाऊंबरोबर मुलाला पाठवलं तेही गेले. राग राहिला आणि ऐकायला कुणी उरलं नाही. पुढे त्यांचं धाकट्या माधवरावांशीही बिनसलं आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. त्यांना कारस्थानी बाई म्हणून रंगवणं सोपं आहे, म्हणूनच ते टाळा.

पार्वतीबाईंनाच नायिका केलं तर?

करता येईल, पण जबाबदारी मोठी आहे. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत सोबत होत्या, त्या वाचल्या आणि दक्षिणेत परतल्या. नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. बावीस वर्षं! एवढ्या एका वस्तुस्थितीपुढे आपली कल्पना तोकडी पडते.

अडचण अशी की त्यांना नायिका केलं की वाचक पुढचं सगळं आधीच जाणतो आणि लेखक पूज्यभावात अडकतो. मला दुसरी वाट जास्त पटते. पार्वतीबाईंना वाड्यातल्या एका दालनात असू द्या आणि नायिका त्यांच्याच स्थितीतली, पण साधी बाई घ्या, जिच्यावर कुणाची नजर नाही आणि जिच्या हट्टाला कुणी निष्ठा म्हणणार नाही. वाड्यातल्या बाईंनी कुंकू ठेवलं तर ती श्रद्धा. हिने ठेवलं तर सासू म्हणते, लोक काय म्हणतील. कुंकवाच्या एका बोटात दर्जा, दया, भीती, प्रेम सगळं येतं.

नवरा बेपत्ता असेल तर त्या बाईला त्या काळी काय मानत?

हा प्रश्न विचारणारा लेखक योग्य वाटेवर आहे. धर्मशास्त्राचा सर्वसाधारण संकेत असा की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यायचा. याला पालाशविधी म्हणतात. तोपर्यंत बाई सवाष्णही धड नाही आणि विधवाही नाही. हळदीकुंकवाला बोलवावं तर यजमानणीच्या मनात पाल चुकचुकते, न बोलवावं तर आपणच तिच्या नवऱ्याला मारल्यासारखं होतं.

आता तारखा पाहा. पानिपत झालं ते पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. बारा वर्षं भरतात ती शके १६९४ च्या पौषात, म्हणजे जानेवारी १७७३ च्या आरंभी. त्याआधी दीड-पावणेदोन महिने, १८ नोव्हेंबर १७७२ ला, थेऊरला माधवराव क्षयाने गेले. आणि बारा वर्षं भरल्यापासून आठ महिन्यांत, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे यांचा खून झाला. म्हणजे ज्या वर्षी तुमच्या नायिकेला घरचे म्हणणार, "आता पुरे, पळसाचा पुतळा जाळू आणि मोकळे होऊ," त्याच वर्षी अख्खं पुणं सुतकात आणि संशयात बुडालेलं आहे. कादंबरीचा मध्यबिंदू इथे आपसूक मिळतो. मुद्दाम रचायला बसलं तरी इतका नेमका जमणार नाही.

तोतयाचं प्रकरण वापरावं का?

जरूर, पण जपून. स्वतःला सदाशिवराव भाऊ म्हणवणारा एक कनोजी ब्राह्मण पुढे आला, चौकशी होऊन कैदेत पडला, मग १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि कोकणात त्याच्यामागे चांगलं मोठं बंड उभं राहिलं. त्याच वर्षी तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. पानिपताला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. त्याला मानणारे सगळे मूर्ख किंवा लबाड होते असं धरून चाललात तर प्रकरणाचा गाभाच हातून निसटेल. लोकांना भाऊ परत हवे होते. भाऊ परत आले तर आपलाही कुणी परत येईल, हा त्यामागचा हिशेब होता.

तुमच्या नायिकेने पळसाचा पुतळा जाळून तीन वर्षं झाली आहेत, नव्या माणसाकडे तिचं मन वळलं आहे, आणि कोकणातून बातमी येते की भाऊसाहेब जिवंत आहेत. तिला आनंद होईल की धास्ती वाटेल? दोन्ही एकाच क्षणी वाटलं आणि धास्तीचा तिला राग आला, तर ते प्रकरण वाचताना कुणी पुस्तक खाली ठेवणार नाही.

विधवेला दुसरं प्रेम, दुसरं लग्न शक्य होतं का?

जातीवर अवलंबून होतं, आणि इथे बहुतेक हस्तलिखितं घसरतात. अठराव्या शतकातल्या सगळ्या महाराष्ट्रात विधवाविवाह बंद होता, असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं. अनेक जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावण्याची रीत होती, तिला मोहतूर असंही म्हणत, आणि सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घेई. कर लागतो म्हणजे गोष्ट राजरोस चालते. पाटाला पहिल्या लग्नाचा मान नव्हता, विधीही वेगळे होते, पण नातं मान्य होतं. ब्राह्मणांत आणि उच्चकुलीन म्हणवणाऱ्या घरांत मात्र दार बंद. तिथे केशवपन, अलवण म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, एकभुक्त राहणं, माजघराचा काळोख. विधवाविवाहाचा कायदा आला तो १८५६ मध्ये.

म्हणून नायिका कोण हे आधी ठरवा. ती शिलेदाराची किंवा कुणब्याची बायको असेल तर तिला दुसरं घर मिळू शकतं आणि प्रश्न मनाचा उरतो: मी कुणाला सोडते आहे? ती ब्राह्मणाची असेल तर मनाचं उत्तर मिळूनही वाट नाही. या दोन पूर्ण वेगळ्या कादंबऱ्या आहेत. एका वाड्यात अशा दोन बायका एकमेकींच्या मैत्रिणी असल्या, आणि एकीला जे मिळू शकतं ते दुसरीला कधीच मिळणार नाही हे दोघींना माहीत असलं, तर राग कुठून येतो हे सांगायला लागणार नाही.

लग्नाआधीचं प्रेम दाखवता येईल का?

अवघड आहे. मुलींची लग्नं खूप लहान वयात होत. त्यामुळे प्रेम दाखवायचं ते जाणत्या, मोठ्या झालेल्या माणसांमधलं दाखवा. लग्नाला वर्षं झालेल्या नवरा-बायकोत हळूहळू उगवलेलं प्रेम हा या काळाचा खरा विषय आहे आणि त्याकडे फार कमी लेखक वळतात. बालपणीच्या लग्नाला गोड गुलाबी रंग देऊ नका.

माधवराव आणि रमाबाईंचं प्रेम पार्श्वभूमीला घ्यावं का? सती कसं लिहावं?

ते जोडपं मराठी मनात इतकं ठसलं आहे की नुसता उल्लेख केला तरी वाचकाचे डोळे भरतात. म्हणून उल्लेख थोडा करा. फुकट मिळालेल्या अश्रूंवर कादंबरी चालवू नये.

रमाबाई थेऊरला सती गेल्या, नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे. ही घटना लिहिताना लेखकाची लेखणी हमखास स्तोत्राकडे वळते. मला हे मान्य नाही. विशीच्या आसपासची एक बाई जिवंत जळाली, हे वाक्य मनात ठेवून मग तो प्रसंग लिहा. तिची इच्छा, तिची श्रद्धा, तिच्याभोवतीचा दबाव, नि:संतान विधवेचं पुढचं आयुष्य काय असतं याची तिला असलेली जाण, सगळं येऊ द्या. आणि तो प्रसंग तुमच्या नायिकेच्या डोळ्यांतून दाखवा, जी अकरा वर्षं अशीच लोंबकळत जगली आहे. लोक वृंदावनापुढे हात जोडतात तेव्हा तिला काय वाटतं? आपण जगलो याची लाज? की जगलो म्हणून एक उद्धट समाधान?

अफगाणांना, मुसलमान पात्रांना खलनायक करावं लागेल ना?

नाही. ही कादंबरी सूडाची नाही. आणि इतिहास तसा सरळही नाही. मराठ्यांचा तोफखाना ज्याच्या हाती होता तो इब्राहिमखान गारदी भाऊंशी इमान राखून लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपतात जखमी झाला आणि सूरजमलच्या मुलुखात मेला. महादजी शिंद्यांना पायाला जबर जखम झाली होती, त्यांना वाचवलं राणेखान या भिश्त्याने, आणि महादजींनी त्याला जन्मभर भावासारखं वागवलं. गारद्याच्या, म्हणजे इब्राहिमखानाच्या कवायती पायदळातल्या शिपायाच्या, बायकोचं दुःख तुमच्या कादंबरीत आलं तर ती अधिक मोठी होईल. तिला तर हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही एवढीही चर्चा कुणी करत नाही.

बातम्या, पत्रं, प्रवास हे सगळं कसं दाखवायचं?

सावकाश. बातमी जासूद आणि सांडणीस्वार आणत, आणि ती तुकड्यातुकड्यांनी येई. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांच्या हाती पानिपताची वार्ता पडली ती सावकारी भाषेतल्या पत्रातून: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. पण खुर्दा, म्हणजे सुटी नाणी, ती कोण? तुमची नायिका खुर्द्यातली आहे. ते पत्र पुण्यात कुणी मोठ्याने वाचताना तिने ऐकलं, आणि आपला माणूस "गणती नाही" या दोन शब्दांत संपला हे तिला कळलं, तर तिच्या रागाचा जन्म तिथेच होईल.

पत्रं मोडीत, बोरूने लिहिलेली. लिहिता-वाचता येणाऱ्या बायका होत्या. गोपिकाबाईंची पत्रं प्रसिद्ध आहेत. पण सामान्य घरात पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यावं लागे. म्हणजे प्रेमाचं किंवा भांडणाचं पत्र तिसऱ्या माणसाच्या हातून जाणार. तो तिसरा माणूस कोण, हे ठरवण्यात मजा आहे. कारकून असेल, दीर असेल, आणि तोच तिच्यात गुंतत गेला तर?

पळण्याच्या रात्रीचं वर्णन करायचं आहे. काही तपशील?

शुद्ध अष्टमी होती, म्हणजे आकाशात अर्धा चंद्र. तो साधारण मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. तोपर्यंत अंधुक उजेड, त्यात पळणारेही दिसतात आणि पाठलाग करणारेही. नंतर मिट्ट काळोख आणि उत्तरेतली पौषातली थंडी. अंगावरची वस्त्रंही लुटली गेलेली माणसं त्या थंडीत चालत होती. नाना फडणीस त्या रात्री पळालेल्यांत होते, वय एकोणीसच्या आत. त्यांची आई त्या गोंधळात गमावली, पत्नी वाचली. त्यांनी आपल्या आत्मवृत्तात ही सुटका सांगितली आहे, आणि इतकी उघडी, न सजवलेली हकीकत त्या काळातली दुसरी क्वचितच मिळेल. आई गेली आणि आपण वाचलो, हे ओझं घेऊन माणूस पुढे काय होतो, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहून कळतं.

संवादांची भाषा जुनी ठेवायची का?

फार जुनी नको. त्या काळच्या कागदपत्रांतली फारसीमिश्रित भाषा संवादात ओतली की पात्रं दफ्तरासारखी बोलू लागतात. चार-दोन शब्द आणि वाक्याची ठेवण एवढ्याने काळ उभा राहतो.

खरी ताकद संबोधनात आहे. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, त्याला थेट "तुम्ही"ही म्हणायचं टाळते. "इकडून", "स्वारी" अशा आडवळणांनी बोलते. आता त्याच बाईला भांडायचं आहे. "इकडून जाणं झालं तेव्हा एकदा मागे वळून पाहणं झालं नाही." या वाक्यात किती राग मावला पाहा. आणि अख्ख्या कादंबरीत कधीही नाव न घेतलेल्या बाईने शेवटी, त्याच्या पश्चात, एकटी असताना त्याचं नाव मोठ्याने उच्चारलं, तर तो प्रसंग कोणत्याही मिठीपेक्षा जास्त जवळिकीचा होईल. तो एकदाच वापरा.

काळाच्या कोणत्या चुका सर्रास दिसतात?

चहा. आगपेटी. मिनिटं आणि तास, जिथे घटका आणि प्रहर हवेत. विधवेच्या अंगावर पांढरं लुगडं, जिथे तांबडं अलवण हवं. शहरातली आजची पेठांची रचना जशीच्या तशी. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं आणि जाळलं, लोक गाव सोडून पळाले, हे विसरून नायिका त्या वर्षी निवांत तुळशीला पाणी घालताना दिसते. दोन वर्षांपूर्वी पानिपतातून जीव वाचवून आलेल्या बाईला पुन्हा पळावं लागतं, हा प्रसंग हातचा का सोडायचा?

आणखी एक: १४ जानेवारी आहे म्हणून त्या दिवशी तिळगूळ वाटू नका. इंग्रजी तारखेच्या हिशेबाने संक्रांत दर शतकात पुढे सरकत आली आहे. अठराव्या शतकात ती १४ च्या काही दिवस आधी येई.

साधनं कुठे पाहू?

पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि १९१० पासून काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळ ही दोन ठिकाणं आधी. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये काढलेला साधनांचा पहिला खंड पानिपताच्या काळातल्या पत्रांनी भरलेला आहे. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे निवडक ४५ खंडही आहेत. बखरी वाचा, पण त्या घटनेनंतर आणि भावनेच्या भरात लिहिल्या गेल्या आहेत हे ध्यानात ठेवून. तुमच्या कामाला ती भावनाच उपयोगी पडेल. घटनेसाठी पत्रांकडे जा.

लढाईची पत्रं सोडून घरगुती यादी शोधा: कुणाला किती पोटगी दिली, कुणाच्या घरी किती धान्य गेलं, कुणाचं वतन कुणाच्या नावे झालं. नवरा बेपत्ता झालेल्या बाईचं वतन कुणाकडे जातं, या एका प्रश्नातून दिराशी भांडण, सासूशी अबोला आणि कारकुनाशी ओळख एवढं सगळं निघतं.

शेवट सुखाचा करू की दुःखाचा?

पहिला नवरा परत आणू नका आणि तो मेल्याचा पक्का पुरावाही देऊ नका. या दोन्हीपैकी काहीही केलंत तर नायिकेच्या वतीने तुम्ही निर्णय घेतल्यासारखं होतं. तो निर्णय तिचा आहे, माहिती अपुरी असताना तिने घेतलेला. नव्या प्रेमाने जुना शोक बरा होतो, असंही लिहू नका. तिच्या नव्या घरात तो शोक तिच्यासोबत येईल आणि नव्या माणसाला त्याच्यासाठी जागा करावी लागेल. त्याला त्याचा राग येईल. हक्काने येईल. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि जिंकताही येत नाही, हे त्याचं दुःख आहे, आणि त्यालाही दोन प्रकरणं द्या.

सुख द्यायचं तर एवढं द्या की ती दोघं पहिल्या माणसाबद्दल एकमेकांशी बोलू शकतात.

सुरुवात कुठून करू?

मार्च १७६० मधून, परतूडच्या तळावरून. फौज निघते आहे, बायका-मुलं आणि यात्रेला निघालेले लोक सोबत आहेत, आणि निघण्याआधी नायिका आणि तिचा नवरा एका अगदी किरकोळ गोष्टीवरून भांडले आहेत. भांडण मिटवायला वेळ मिळालेला नाही. ते कशावरून झालं हे वाचकाला लगेच सांगू नका. ते बऱ्याच उशिरा सांगा, जेव्हा ती दुसऱ्या माणसाशी तेच भांडण पुन्हा करू लागेल.